आरत्यांच्या जुन्या पीडीएफमध्ये मराठीऐवजी रोमन अक्षरे दिसतात. घरच्या प्रिंटरवर पुस्तिका कशी छापावी?

निवृत्त शिक्षिका, डिचोली

नमस्कार. आमच्या वाड्यावरच्या, घुमट हे मातीचे वाद्य वाजवून आरत्या म्हणणाऱ्या पथकाने २००५ साली म्हापशातील एका डीटीपी दुकानातून आरत्यांची पुस्तिका करून घेतली होती. तिच्या आता चारच प्रती उरल्या आहेत आणि त्यांतल्या दोहोंची कडेची पाने वाळवीने खाल्ली आहेत. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या आरत्या कोणत्याही पुस्तकात मिळतील. परंतु या पुस्तिकेत आमच्या ग्रामदैवताची जी आरती आहे, ती माझ्या आजेसासऱ्यांनी रचलेली असून अन्यत्र कोठेही छापलेली नाही. पथकातील जाणती माणसे एकेक करून कमी होत आहेत, मुलांना ती अर्धीच येते, आणि म्हणून या चतुर्थीपूर्वी पुस्तिकेच्या चाळीस प्रती घरच्या घरी छापायच्या, असे मी मनावर घेतले आहे.

ते दुकान कधीच बंद झाले. मात्र त्या वेळी मिळालेली सीडी मी जपून ठेवली होती व तिच्यावर २६ पानांची पीडीएफ फाइल आहे. माझ्या विंडोज १० असलेल्या संगणकावर ती उघडली की ओळींची लांबी, कडव्यांची मांडणी, पानांवरची नक्षी असे सारे जागच्या जागी दिसते; पण मराठीच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि अधूनमधून रिकामे चौकोन येतात. पणजीला एका छापखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाच्याने तीच फाइल त्याच्या संगणकावर उघडली, तेव्हा ती स्वच्छ मराठीत दिसली. फाइल एकच असताना असे का व्हावे?

सीडीवरची फाइल निकामी झाली असावी असे समजून मी पहिली सहा पाने स्वतः युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, टाइप केली आणि वर्डमधून त्यांची पीडीएफ केली. ही फाइल पडद्यावर अचूक दिसते. ब्राउझरमधून छापली की मात्र काही शब्दांतील ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, ‘भक्त’ या शब्दातला क पायमोडका होऊन त पासून सुटतो, आणि उजव्या कडेला ओळीचे शेवटचे अक्षर कापले जाते. प्रिंटर टाकीत शाई भरण्याचा, घरगुती इंकजेट आहे व तो कागदाच्या एकाच बाजूला छापतो. ए-४ कागद मधोमध दुमडून पुस्तिका करायची आहे. फाइल दुरुस्त होण्यासारखी आहे, की जुनी पुस्तिका सरळ स्कॅन करून तिच्याच प्रती काढाव्यात, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अक्षरजुळारी, फोंडा

बाई, तुमची फाइल शाबूत आहे. तिच्यात फक्त फॉन्ट नाही, आणि हा एक मुद्दा नीट लक्षात आला की पुढचे सारे उलगडते. मी अनेक वर्षे अक्षरजुळणीचे काम केले आहे व अशा फाइली घेऊन येणारी माणसे मला आजही भेटतात.

त्या काळी डीटीपी दुकानांत पाने मांडण्यासाठी पेजमेकर हे सॉफ्टवेअर सर्रास वापरले जाई. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच आली होती व तिच्यात देवनागरीही होती, परंतु पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत कळले नाही. त्यामुळे मराठीसाठी एक वेगळी युक्ती केलेली असे. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचाच राहायचा. फॉन्टमध्ये मात्र त्या त्या रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा एखादा तुकडा, म्हणजे कोठे काना, कोठे अर्धा क, कोठे रफार, असा बसवलेला असायचा. तो फॉन्ट संगणकावर असेपर्यंत मराठी दिसायची, आणि फॉन्ट गेला की खालची रोमन अक्षरे उघडी पडायची.

पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबीने १९९३ साली आणला, तो एका संगणकावर मांडलेले पान दुसऱ्या संगणकावर जसेच्या तसे दिसावे यासाठी. मात्र फॉन्ट फाइलच्या पोटात घातलेला असेल, म्हणजे एम्बेड केलेला असेल, तरच हे साधते, आणि तो घालायचा की नाही हे फाइल बनवणाऱ्याच्या हाती असते. तुमच्या फाइलमध्ये फॉन्टचे नुसते नाव लिहिलेले आहे. भाच्याच्या छापखान्यात त्या नावाचा फॉन्ट बसवलेला असणार, म्हणून तेथे मराठी दिसली; तुमच्या संगणकाला तो सापडला नाही, म्हणून त्याने हाताशी असलेला दुसरा फॉन्ट लावला. प्रत्येक अक्षराची रुंदी फाइलमध्ये स्वतंत्रपणे नोंदलेली असते, त्यामुळे ओळींची लांबी तेवढी जागच्या जागी राहिली. खात्री करून घ्यायची असेल तर अ‍ॅडोबी रीडरमध्ये फाइल उघडून ‘फाइल’ मेनूतील ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘फॉन्ट्स’ हे पान पाहा. ज्या फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असे शब्द नाहीत, तो फाइलच्या आत नाही असे समजावे. तेथे दिसणारे फॉन्टचे नाव लिहून ठेवा, कारण ते पुढे लागणार आहे.

तातडीचा उपाय भाच्याच्या संगणकावर आहे. जेथे फाइल नीट दिसते तेथेच ती उघडून, प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून, नवीन पीडीएफ तयार करावी व तिचे ‘फॉन्ट्स’ पान पुन्हा तपासावे. काही फॉन्टांच्या निर्मात्यांनी एम्बेड करण्यास मनाई करणारी खूण फॉन्टमध्येच घातलेली असते. तसे निघाल्यास त्याच संगणकावर प्रत्येक पानाचे ६०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांचे, चित्र काढून घ्यावे. छपाईला ते पुरते.

पण बाई, तेवढ्यावर थांबू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अशा फाइलमध्ये मराठी नुसती दिसते. आत ती रोमनच असते किंवा नुसते चित्र असते. त्यात ‘गणपती’ शोधला तर सापडत नाही, आणि एखादे कडवे उचलून कोणाला पाठवले तर समोरच्याला पुन्हा तीच अगम्य अक्षरे दिसतात. जी आरती अन्य कोठेही छापलेली नाही, ती युनिकोडमध्ये यायलाच हवी. सर्व पाने नव्याने टाइप करण्याचे कारण नाही. तुमच्या संगणकावर दिसणारा जो रोमन मजकूर तुम्हाला निरर्थक वाटतो, तोच रूपांतरकाचा, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा, कच्चा माल असतो: तो फाइलमधून कॉपी करावा आणि त्या विशिष्ट फॉन्टसाठी केलेल्या रूपांतरकात घालावा. येथे फॉन्टचे अचूक नाव लागते, कारण प्रत्येक कंपनीने देवनागरीचे तुकडे आपापल्या परीने वेगवेगळ्या जागी बसवले होते.

रूपांतरानंतर मुद्रितशोधनाला पर्याय नाही. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि विशेषतः आपला अर्धा र येथे रूपांतरक हमखास चुकतात. ‘दऱ्या’ लिहिलेले असेल तेथे ‘दर्या’ होऊन येते आणि डोंगरातली आरती समुद्रावर जाते. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर ती चूक दाखवीत नाही. म्हणून सर्वांत आधी जुन्या पुस्तिकेच्या चांगल्या प्रतीचे प्रत्येक पान ३०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवा. ते स्कॅन छापण्यासाठी नकोत, ताडून पाहण्यासाठी हवेत. एकाने जुन्या प्रतीतून मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने नव्या फाइलवर बोट ठेवून पाहावे, ही छापखान्यातली जुनी पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

अंतिम फाइल करताना वर्डमध्ये पीडीएफच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘पीडीएफ/ए’ हा पर्याय निवडावा. जतन करून ठेवण्याच्या दस्तऐवजांसाठी २००५ साली ठरवलेला हा आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रकार आहे, आणि फॉन्ट फाइलच्या आत असलाच पाहिजे असा त्याचा नियम आहे. लिब्रेऑफिसमध्येही ही सोय आहे. फॉन्टसाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ पाहावा. तो विनामूल्य आहे आणि त्याचे ल आणि श मराठी वळणाचे आहेत.

मांडवीकाठ, पणजी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फाइल आणि फॉन्ट यांविषयी त्यांनी सांगितले आहेच. मी कागदावर काय घडते त्याविषयी लिहितो.

पडद्यावर पान दाखवणे आणि तेच पान प्रिंटरकडे पाठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. छापताना मजकूर पुष्कळदा अक्षरे आणि फॉन्ट अशा सुट्या रूपात ड्रायव्हरकडे, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, जातो व ड्रायव्हर ती अक्षरे पुन्हा जुळवतो. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक ठेवली की काम भागते, पण देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाते, रफार वर चढतो, जोडाक्षराचे रूपच बदलते, आणि एखादा ड्रायव्हर तेथे घोटाळा करतो. म्हणून ब्राउझरमधून न छापता फाइल आधी संगणकावर उतरवून अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडावी आणि छपाईच्या खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ या चौकटीत खूण करावी. मग संगणक स्वतःच संपूर्ण पानाचे चित्र तयार करून पाठवतो व प्रिंटरला जुळवण्यासारखे काही उरत नाही. छपाई थोडी संथ होईल, एवढेच. सोबत प्रिंटरचा नवा ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेऊन बसवावा.

कडेचे अक्षर कापले जाण्याचे कारण बहुधा कागदाचे माप असावे. वर्डमध्ये पानाचे माप ‘लेटर’ राहिले असेल तर ते २१६ × २७९ मिलिमीटरचे असते, तर आपला ए-४ हा २१० × २९७ मिलिमीटरचा. ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडून लेटरचे पान ए-४ वर छापले की रुंदीतले सहा मिलिमीटर कोठेतरी जाणारच, आणि घरगुती प्रिंटर कागदाच्या कडेला काही मिलिमीटर जागा कोरी सोडतो ती वेगळी. येथे ‘फिट’ निवडून वेळ मारून नेण्यापेक्षा मूळ फाइलमध्येच माप बदलणे चांगले, आणि तुमच्या बाबतीत तर ते ए-४ सुद्धा नको.

हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुस्तिका करणारे बहुतेक जण येथेच फसतात. मजकूर ए-४ पानावर १४ पॉइंटमध्ये मांडून मग एका कागदावर दोन पाने छापली, तर प्रत्येक पान ए-५ होताना सुमारे ७१ टक्के उरते आणि अक्षर १० पॉइंटचे होते. देवखोलीत समईच्या उजेडात, हातात पुस्तिका धरून उभ्या असलेल्या सत्तरीतल्या माणसाला ते अक्षर दिसणार नाही. म्हणून वर्डमध्ये पानाचे माप आरंभीच ए-५, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर करावे, आतल्या बाजूला निदान १५ मिलिमीटर समास ठेवावा, अक्षर १४ किंवा १५ पॉइंटचे घ्यावे आणि कोणतेही कडवे पानाच्या तळाशी तुटणार नाही, हे पाहावे. पाने वाढतील, वाढू द्यावीत.

एकूण पाने चाराच्या पटीत हवीत, कारण दुमडलेल्या प्रत्येक कागदावर चार पाने बसतात. समजा ४४ पाने झाली, तर एका प्रतीला ११ कागद आणि चाळीस प्रतींना ४४० कागद लागतील. पाचशेचा एक रीम आणला की वाया जाणारे कागद धरूनही काम होईल. पानांचा क्रम हाताने लावत बसू नये. अ‍ॅडोबी रीडरच्या छपाईच्या खिडकीत ‘बुकलेट’ हा पर्याय आहे. तो पहिल्या कागदाच्या एका बाजूला ४४ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि ४३, अशी मांडणी स्वतःच करतो. तुमचा प्रिंटर एकाच बाजूला छापतो, म्हणून आधी ‘फ्रंट साइड ओन्ली’ निवडून पुढच्या बाजू छापाव्यात आणि तोच गठ्ठा पुन्हा घालून ‘बॅक साइड ओन्ली’ छापावे. गठ्ठा कसा फिरवून घालायचा हे प्रत्येक प्रिंटरगणिक वेगळे असते. त्यासाठी आठ पानांची, म्हणजे दोन कागदांची चाचणी घ्यावी व कागदावर पेन्सिलीने बाण काढून तो कोणत्या दिशेने बाहेर येतो ते लिहून ठेवावे. मग एका वेळी एकच प्रत पूर्ण करावी. चाळीस प्रतींच्या पुढच्या बाजू एकदम छापून ठेवल्या आणि मागची बाजू छापताना मध्येच दोन कागद एकत्र ओढले गेले, तर तेथून पुढचा सगळा गठ्ठा वाया जातो. माझ्याकडे तसे दोनशे कागद गेले आहेत.

निवृत्त शिक्षिका, डिचोली

दोघांचेही मनापासून आभार. ‘फॉन्ट्स’ पानावर पाहिले, तर एकाही मराठी फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ हा शब्द नव्हता. भाच्याने नवी पीडीएफ पाठवली असून ती माझ्या संगणकावर व्यवस्थित दिसते. रूपांतराचे कामही झाले. अर्धा र सतरा ठिकाणी चुकला होता आणि त्यांतल्या दोन जागा आजेसासऱ्यांच्या आरतीत होत्या. स्कॅन समोर नसते तर त्या माझ्या लक्षात आल्या नसत्या. आता ए-५ मापावर बरोबर ४४ पाने झाली आहेत, आणि ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ केल्यावर जोडाक्षरे कागदावर जशीच्या तशी उमटली.

आता अडचण वेगळीच आहे. गेला आठवडाभर येथे पावसाने उसंत दिलेली नाही. प्रिंटरमधला कागद मऊ पडला असून दोन-दोन एकत्र ओढले जातात, अक्षरांच्या कडा किंचित फुटतात, आणि एका बाजूला छापलेला कागद वाकडा होऊन दुसऱ्यांदा आत जातच नाही. शिवाय आरतीच्या वेळी पुस्तिकेला ओले हात लागणार. ही शाई टिकेल का?

वाळपईहून

आमच्या सत्तरी तालुक्यातला पाऊस अनुभवणाऱ्याला हा प्रश्न दरवर्षी पडतो. कागद हवेतली ओल शोषून घेतो आणि सैल होतो, म्हणून शाई त्याच्या तंतूंमधून पसरते व कागद एकमेकांना चिकटतात. ट्रेमध्ये आठवडाभर पडून असलेला कागद या कामासाठी वापरू नका. नवा रीम आणा आणि त्याचे वेष्टन पूर्ण फाडू नका, कारण ते ओल आत येऊ नये अशा बेताचेच असते. हवे तेवढे कागद काढून तोंड पुन्हा चिकटपट्टीने बंद करावे व रीम घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. एका प्रतीचे अकराच कागद ट्रेमध्ये घाला, घालण्यापूर्वी त्यांच्या कडा पत्त्यांसारख्या फुलवा, आणि रात्री ट्रे रिकामा ठेवा. एक बाजू छापल्यावर कागद सपाट फळीवर जाड पुस्तकाखाली तासभर राहू द्यावेत, मगच दुसऱ्या बाजूला घ्यावेत. कागद ७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) असेल तर दोन्ही बाजूंची अक्षरे एकमेकांतून दिसतील. ८० किंवा त्याहून अधिकचा घ्यावा.

शाईचे म्हणाल, तर टाकीवाल्या अनेक प्रिंटरांत काळी शाई रंगकणांची असते व ती वाळल्यावर पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. रंगीत शाया मात्र विरघळणाऱ्या रंगाच्या असतात आणि थेंब पडला की ओघळतात. म्हणून कागदाचा प्रकार ‘प्लेन पेपर’ ठेवून ‘ग्रेस्केल’मध्ये छापावे. कागदाचा प्रकार चुकून फोटो पेपर राहिला, तर कित्येक प्रिंटर काळा रंगही रंगीत शाया मिसळून तयार करतात. एक पान छापून ते दिवसभर वाळू द्या आणि पाण्याचा थेंब टाकून पाहा. तुमच्या प्रिंटरपुरते उत्तर त्यातच मिळेल. मुखपृष्ठावर रंगीत गणपती हवा असेल, तर तेवढे एक पान लेझरवर छापून घ्यावे.

निवृत्त शिक्षिका, डिचोली

थेंब टाकून पाहिला. काळे अक्षर हलले नाही, नक्षीतला तांबडा रंग मात्र लगेच पसरला, म्हणून नक्षीही काळीच केली आहे. नव्या रीममधून पहिल्या तीन प्रती एकही कागद न अडकता निघाल्या. त्यांतली एक पथकातल्या सर्वांत वयस्क काकांना दिली असून त्यांना ती चष्म्याने वाचता आली. ग्रामदैवताच्या आरतीतील चौथ्या कडव्यात एक शब्द त्यांनी पाठांतरातून निराळा सांगितला. जुन्या छापील प्रतीत तो तसा नाही. उद्या आणखी दोन घरी विचारून येते आणि त्यानंतरच उरलेल्या सदतीस प्रतींना हात लावते. युनिकोडची फाइल आणि पीडीएफ/ए, दोन्ही भाच्याकडे व माझ्याकडे वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवल्या आहेत.